केल्ड, नॉर्थ यॉर्कशायर: ही वाडी नेमकी कोणाच्या हद्दीत येते?

ओंकार_दे

नमस्कार मंडळी. मी आणि माझी बायको सध्या लीड्सला राहतो, दोघांचंही काम घरून चालतं. स्वेलडेलच्या अगदी वरच्या टोकाला केल्ड नावाची वाडी आहे, तिथलं एक जुनं दगडी घर आम्ही घेतोय. ऑफर मान्य झाली आहे, सॉलिसिटरकडे कागद फिरतायत. घराला लागूनच एक गोठा आहे. खाली गुरं बांधायची आणि वर गवत साठवायचं, त्या जुन्या पद्धतीचा. पुढेमागे तिथे कामाची खोली करावी असं मनात आहे.

अडचण अशी की प्रत्येक कागदावर वेगळंच नाव दिसतंय. पत्त्यात गाव रिचमंड. पोस्टकोड डीएलने सुरू होतो, म्हणजे डार्लिंग्टनचा. विकणाऱ्यांच्या जुन्या फायलीत रिचमंडशायर डिस्ट्रिक्ट कौन्सिल. सॉलिसिटरने मागवलेला सर्च, म्हणजे मालमत्तेच्या सरकारी नोंदींची तपासणी, नॉर्थ यॉर्कशायर कौन्सिलकडून आला. छपराच्या कामाची एक जुनी परवानगी आहे ती यॉर्कशायर डेल्स नॅशनल पार्क ऑथॉरिटीची. कौन्सिल टॅक्सच्या बिलावर म्यूकर पॅरिश. आणि घर विकणाऱ्या आजी म्हणतात, आमचं सामानसुमान, रेल्वे, सगळं कर्बी स्टीफनला. ते तर कंब्रियात!

मला साधं विचारायचंय. ही वाडी कोणाची? गोठ्याबद्दल कोणाला भेटायचं, रस्त्यावरच्या बर्फाबद्दल कोणाला? आणि आमचे पासपोर्ट अजून भारतीय आहेत. तिथल्या कारभारात आम्हाला काही बोलता येईल, की नुसता कर भरायचा?

अनघा_चालते

ओंकार, कारभाराचं मला फारसं माहीत नाही, पण जागा पायाखालची आहे. पेनाइन वे आणि कोस्ट टु कोस्ट या दोन्ही लांबच्या पायवाटा केल्डला एकमेकींना छेदतात, त्यामुळे तिथे पाठीवर सॅक घेतलेली माणसं कायम दिसतात. वाडीच्या खालीच स्वेल नदीवर पादचारी पूल आहे, त्याच्या बाजूला ईस्ट गिल फोर्स धबधबा. बी6270 रस्त्याने दरी उतरत गेलात की आधी थ्वेट, मग म्यूकर, पुढे रीथ आणि मग रिचमंड. त्याच रस्त्याने उलट चढून खिंड ओलांडलीत की कर्बी स्टीफन. सेटल-कार्लाइल लाइनचं स्टेशन तिथे आहे. आजी म्हणतात ते खरंच आहे, घाट ओलांडला की ते रिचमंडपेक्षा बरंच जवळ पडतं.

नकाशा घ्याल तर एक गंमत दिसेल. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेच्या जाळ्यात केल्ड एनवाय चौकोनात येतं आणि जेमतेम तीन मैलांवरचं म्यूकर एसडी चौकोनात. चौकोनांची रेघ मध्ये कुठेतरी डोंगरातून जाते. तिचा कारभाराशी काही संबंध नाही, पण कोणाला जागा कळवताना आकड्यांच्या आधीची ती दोन अक्षरं चुकू देऊ नका. डोंगर बचाव पथकाला फोन करायची वेळ आली तर विशेषच.

उत्तरेला चार मैलांवर टॅन हिलचा पब आहे, 528 मीटर उंचीवर, ब्रिटनमधला सर्वांत उंच पब. 1974 च्या फेररचनेत तो डरहॅम काउंटीत गेला होता आणि नंतर परत नॉर्थ यॉर्कशायरमध्ये आणला. हद्दी तिकडे अशा सरकत असतात. बाकी शुभदाताई सांगतील, त्यांचं कामच ते आहे.

शुभदा_क्लार्क

ओंकार, अभिनंदन आधी. मी नॉर्थ यॉर्कशायरमध्येच एका छोट्या पॅरिश कौन्सिलची क्लार्क आहे. माझी पॅरिश स्वेलडेलमध्ये नाही, दुसऱ्या डेलमध्ये, म्हणजे दुसऱ्या दरीत आहे, पण वरचे थर सगळे तुमचेच.

पत्ता आणि पोस्टकोड आधी बाजूला ठेवा. ते पत्रं वाटण्याच्या सोयीसाठी आहेत. डार्लिंग्टन हे स्वतंत्र कौन्सिल आहे, त्याचा तुमच्याशी काडीचा संबंध नाही. डार्लिंग्टनच्या टपाल विभागात येतं म्हणून डीएल, आणि टपालाचं गाव म्हणून रिचमंड. पत्त्यावरून कारभार शोधायला गेलं की माणूस हमखास भलत्या दारात उभा राहतो. माझ्याकडे दरवर्षी असे फोन येतात.

आता खरे थर. सगळ्यात खाली पॅरिश, म्हणजे स्थानिक कारभाराचा सर्वांत लहान विभाग. केल्डला स्वतःचं कौन्सिल नाही, ते म्यूकर या सिव्हिल पॅरिशमध्ये येतं. थ्वेट, अँग्रम आणि वरची विखुरलेली शेतघरंही त्यातच. म्यूकरच का, रीथ का नाही? तर फार पूर्वी ही सगळी दरी ग्रिंटनच्या चर्चची होती. केल्डला कोणी गेलं की प्रेत वेताच्या पेटीत घालून माणसं खांद्यावरून ग्रिंटनपर्यंत नेत, दोन दोन दिवस लागत असं सांगतात. ती वाट आजही नकाशावर आहे, तिला कॉर्प्स रोडच म्हणतात. 1580 मध्ये म्यूकरला चॅपल झालं, दफनाची सोय झाली आणि वरच्या वाड्या म्यूकरशी जोडल्या गेल्या. पुढे गरिबांसाठीचा कर चर्चच्या याच विभागांनुसार गोळा होऊ लागला. 1866 च्या कायद्याने असा कर स्वतः गोळा करणाऱ्या वस्त्यांना सिव्हिल पॅरिशचा दर्जा मिळाला आणि 1894 च्या कायद्याने पॅरिशना निवडून दिलेली कौन्सिलं मिळाली. चर्चचा आणि पॅरिश कौन्सिलचा कारभार तेव्हापासून वेगळा आहे. आज कौन्सिलमध्ये कोणत्याही धर्माचा किंवा कुठलाच धर्म न मानणारा माणूस बसू शकतो. पण हद्द पाहाल तर ती त्या वाटेने प्रेतं वाहणाऱ्या माणसांनी आखलेली आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. कोणी लंडनला बसून पट्टीने रेघ मारली असती तर केल्ड आणि म्यूकर एकत्र आलेच असते असं नाही.

त्याच्या वरचा थर मात्र पुन्हा पुन्हा बदलला. 1894 पासून रीथ रूरल डिस्ट्रिक्ट, वर नॉर्थ रायडिंगचं काउंटी कौन्सिल. 1974 मध्ये ते जाऊन रिचमंडशायर डिस्ट्रिक्ट आणि नॉर्थ यॉर्कशायर काउंटी आली. 1 एप्रिल 2023 ला रिचमंडशायरसकट सात डिस्ट्रिक्ट आणि काउंटी कौन्सिल मोडून एकच नॉर्थ यॉर्कशायर कौन्सिल झालं, मुख्यालय नॉर्थअ‍ॅलर्टनला. तुमच्या जुन्या फायलीतलं नाव म्हणून वेगळं आहे. ते कौन्सिल आता अस्तित्वातच नाही, त्याचे अधिकार आणि जबाबदाऱ्या नव्याकडे आल्या. रस्ते, बर्फासाठी मीठ-खडी, कचरा, शाळा, वृद्धांची सेवा, कौन्सिल टॅक्सची वसुली, मतदारयादी हे सगळं आता तिथे.

याच्याही वर मे 2024 पासून यॉर्क आणि नॉर्थ यॉर्कशायरचा निवडून दिलेला मेयर आहे. पोलिस आणि अग्निशमन दलाची देखरेख त्या कार्यालयाकडे गेली, म्हणून टॅक्सच्या बिलावर त्यांच्या वेगळ्या ओळी दिसतील. रोजच्या जगण्यात तुमचा त्यांच्याशी फारसा संबंध येणार नाही.

आणि मग आडवा येतो तो नॅशनल पार्क. आडवा म्हणजे अडथळा नव्हे, तो या उतरंडीत बसतच नाही, बाजूने येतो. यॉर्कशायर डेल्स नॅशनल पार्क 1954 मध्ये झाला आणि आज त्याच्या हद्दीत प्लॅनिंगचा अधिकार कौन्सिलला नाही, पार्क ऑथॉरिटीला आहे. ऑथॉरिटीचा पैसा मुख्यतः सरकारी अनुदानातून येतो, म्हणून टॅक्सच्या बिलावर तिची ओळ नसते आणि नव्या माणसाला तिचा पत्ताच लागत नाही. तुमच्या गोठ्याचा निर्णय तीच घेणार, त्यामुळे गोठ्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

इंग्लंडमध्ये इतरत्र शेतीच्या जुन्या इमारतीचं घर करायला एक सोपी वाट असते, क्लास क्यू म्हणतात. नॅशनल पार्कमध्ये ती लागू नाही. छपरातून खिडकी बाहेर काढणं, बाजूने खोली वाढवणं, बाहेरून नवं दगडी आवरण चढवणं, जे बाहेर बऱ्याचदा बिनपरवानगी चालतं, त्यालाही इथे अर्ज लागतो. त्यात स्वेलडेल आणि आर्केंगार्थडेलमधले गोठे आणि दगडी गडगे यांच्यासाठी खास संरक्षित क्षेत्र आहे. म्हणजे एकटा गोठा पाहत नाहीत, कुरणात तो कसा उभा आहे, वाट कुठून जाते, रात्री दिवा कुठून दिसेल, हे सगळं पाहतात. तुमचा गोठा घराला चिकटून आहे ही जमेची बाजू. माळावरच्या एकट्या गोठ्यापेक्षा त्याचं प्रकरण सोपं असतं. पण अर्ज करण्याआधी त्यांचा आगाऊ सल्ला घ्या. फी पडते, तरी घ्या. आणि आत्ताच आढ्याखाली पाहा, वटवाघळांच्या खुणा आहेत का. काळसर, दाबली की भुगा होणारी लेंडी असेल तर वटवाघळं आहेत. ती कायद्याने संरक्षित आहेत आणि त्यांची नीट पाहणी साधारण मे ते सप्टेंबरमध्येच करता येते. ऑक्टोबरमध्ये लक्षात आलं तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबणं आलं.

अजून एक. परवानगी पार्ककडून मिळाली तरी बांधकामाचे नियम, म्हणजे भिंत, वायरिंग, आग, उष्णता यांची तपासणी पार्क करत नाही. ती नॉर्थ यॉर्कशायर कौन्सिलचा बिल्डिंग कंट्रोल विभाग किंवा नोंदणीकृत खाजगी तपासनीस करतो. एकाच गोठ्यासाठी दोन दारं. तसंच वाटांचं. रस्त्यातला खड्डा कौन्सिलला कळवायचा, पण डोंगरवाटेवरचं फाटक तुटलं तर पार्कला. पाणी झऱ्याचं आहे का तेही सॉलिसिटरला विचारा. वरच्या डेल्समध्ये पुष्कळ घरांना नळाचं पाणी नाही. झऱ्याच्या पाण्याची तपासणी कौन्सिलचं आरोग्य खातं करतं. एकट्या घरासाठी मागितली तरच, पण सुटीसाठी भाड्याने दिलेल्या घराला ती करावीच लागते.

पॅरिशबद्दल रात्री लिहिते, आज आमची बैठक आहे.

ओंकार_दे

शुभदाताई, इतकं स्वच्छ कोणीच सांगितलं नव्हतं. वटवाघळांचं तर आमच्या डोक्यातही नव्हतं, उद्याच सर्व्हेअरला फोन करतो. पण एक शंका. वरच्या सगळ्यांकडे काही ना काही अधिकार दिसतात. मग पॅरिश कौन्सिलकडे उरतं काय? बिलावर त्यांची रक्कम इतकी थोडी आहे की मला वाटलं नुसतं नावापुरतं असेल. शिवाय आम्ही पहिली दोनेक वर्षं लीड्सचा फ्लॅट ठेवून फक्त शनिवार-रविवार जायचं म्हणतोय. त्याने काही फरक पडतो का?

निनाद_डेव्हन

ओंकार, शुभदाताई पॅरिशचं सांगतीलच, मी फक्त एवढंच घालतो की हे चित्र सगळ्या इंग्लंडला लावू नका. मी डेव्हनमध्ये राहतो. आमच्याकडे अजून दोन मजले आहेत: रस्ते आणि शाळा काउंटीकडे, कचरा आणि प्लॅनिंग डिस्ट्रिक्टकडे. डिसेंबर 2024 च्या श्वेतपत्रिकेत सरकारने ही दोन मजली रचना सगळीकडे मोडायचं जाहीर केलंय, त्यामुळे तुमच्याकडे जे 2023 मध्ये झालं त्याची चर्चा आता आमच्याकडे चालू आहे. कॉर्नवॉल आणि विल्टशायरमध्ये हे 2009 लाच झालं.

आमच्या पॅरिशला तर कौन्सिलच नाही. मतदार इतके थोडे की फक्त पॅरिश मीटिंग आहे. सगळे मतदार हेच सभागृह. वर्षातून निदान दोनदा जमायचं, अध्यक्ष निवडायचा, जे ठरेल ते तिथेच हात वर करून. ज्यांच्या दारात बस येत नाही त्यांचं म्हणणं मी तिथे जेवढं ऐकलंय तेवढं दुसरीकडे कुठेच नाही.

शुभदा_क्लार्क

बैठक आटोपली, आता निवांत लिहिते.

पॅरिशकडे काय उरतं? कायद्याने पाहिलं तर बाकं, बसथांब्याचं छत, दफनभूमी, भाजीचे वाफे, गावकुरण, पायवाटेवरचे दिवे, सूचनाफलक. आणि प्लॅनिंगच्या प्रत्येक अर्जावर मत द्यायचा हक्क, निर्णयाचा नाही. पैसा येतो तो प्रीसेप्टमधून. आम्ही हिवाळ्यात पुढच्या वर्षाचा आकडा ठरवतो, नॉर्थ यॉर्कशायर कौन्सिल तो टॅक्सबरोबर वसूल करून आम्हाला देतं. लहान पॅरिशचा वर्षाचा सगळा व्यवहार काही हजार पौंडांचा असतो. 25,000 पौंडांच्या आत असेल तर बाहेरच्या ऑडिटरकडे सगळे कागद न पाठवता तसं लिहून देऊन सूट घेता येते. पण हिशेब कोणाही मतदाराला उघडून दाखवावे लागतात, 30 कामाचे दिवस, आणि त्यात जुलैचे पहिले 10 कामाचे दिवस यायलाच हवेत. मी दरवर्षी ती नोटीस लावते. बहुतेक वर्षी कोणी येत नाही. एका वर्षी एक निवृत्त गृहस्थ आले, स्वयंपाकघरातल्या टेबलावर दुपारभर बसले आणि गवत कापायच्या बिलावर तीन प्रश्न विचारले. तिन्ही बरोबर होते. पुढच्या वर्षी आम्ही दुसऱ्या माणसाला काम दिलं आणि खर्च खाली आला. नावापुरत्या कौन्सिलमध्ये हे होत नाही, ओंकार.

सूचनाफलकाचं सांगते. आमचा फलक ओकचा आहे, त्याला काचेचं दार. पावसाळी हवेत लाकूड फुगतं आणि दार अडतं, मग खालून तळव्याने जोरात ढकललं की उघडतं. बैठकीआधी तीन पूर्ण दिवस सूचना त्या फलकावर लागलीच पाहिजे. लावलेला दिवस, बैठकीचा दिवस आणि रविवार यात धरायचे नाहीत. विषयपत्रिकेत जे नाही त्यावर निर्णय घेता येत नाही. लोकांना हे कागदी वाटतं. मला नाही वाटत. एखाद्या वाडीत चौघं-पाचजण मिळून गुपचूप ठरवणं किती सोपं आहे याचा विचार करा, म्हणजे त्या तीन दिवसांची किंमत कळते. सूचना लागली की कुत्र्याला फिरवायला निघालेला माणूसही थांबून वाचतो आणि बैठकीला येऊन बसतो. बसायचा हक्क त्याला 1960 च्या कायद्याने आहे. बोलायचा हक्क कायद्यात नाही, पण बहुतेक पॅरिश सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं लोकांसाठी ठेवतात.

आज आमच्याकडे लाल टेलिफोन बूथचा विषय होता. बीटी या टेलिफोन कंपनीची योजना आहे 2008 पासून, वापरात नसलेला बूथ गाव एका पौंडाला दत्तक घेऊ शकतं. आम्ही घेतला, आत डिफिब्रिलेटर बसवला, म्हणजे हृदय बंद पडल्यास विजेचा झटका देणारं यंत्र. आता प्रश्न असा की त्याची बॅटरी आणि पॅड वेळच्या वेळी कोण तपासणार. अ‍ॅम्ब्युलन्सला यायला वेळ लागतो अशा जागी हा प्रश्न लहान नाही. कौन्सिलच्या दोन सभासदांनी महिने वाटून घेतले. नॉर्थअ‍ॅलर्टनला 90 नगरसेवक आहेत आणि ते मनापासून काम करतात, पण त्या बूथची बॅटरी तिथून तपासली जाणार नाही. ते काम जवळ राहणाऱ्यानेच करायचं.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नावर मला स्पष्ट बोलायचंय. हो, फरक पडतो. एक तर पैशात: 1 एप्रिल 2025 पासून नॉर्थ यॉर्कशायर कौन्सिल दुसऱ्या घरावर 100 टक्के जादा कौन्सिल टॅक्स घेतं, म्हणजे दुप्पट. काही सवलती आहेत, तुमच्या बाबतीत लागू होतात का ते विचारा. पण पैशाहून मोठं म्हणजे वाडीतलं प्रत्येक बंद घर हा एक कमी मतदार, एक कमी सभासद, शाळेच्या बसमधली एक रिकामी जागा. पॅरिश कौन्सिलला किमान पाच सभासद लागतात आणि त्यातले निदान तीन हजर असले तरच बैठक होते. मी अशा संध्याकाळी पाहिल्यात की दोघं खुर्च्यांवर बसलेत, तिसऱ्याची गाडी बर्फात अडकली आहे आणि आम्ही सगळे दाराकडे बघतोय. तुमची अडचण मला कळते, कर्ज आणि नोकऱ्या सोप्या नसतात. तरी जमेल तितक्या लवकर तिथे राहायला जा एवढंच म्हणेन. घरून काम करणारं तरुण जोडपं म्हणजे वरच्या डेल्सना हवं असलेलंच माणूसबळ.

आता पासपोर्ट. भारतीय नागरिक हे राष्ट्रकुलाचे नागरिक आहेत, त्यामुळे वैध व्हिसावर राहत असाल तर तुम्हाला मत आहे. पॅरिशपासून थेट संसदेपर्यंत, सगळ्या निवडणुकांत. केल्ड हे नव्या रिचमंड अँड नॉर्थअ‍ॅलर्टन मतदारसंघात येतं. 2023 पासून मतदान केंद्रावर फोटो ओळखपत्र दाखवावं लागतं आणि भारतीय पासपोर्ट चालतो. लीड्समध्ये नाव नोंदलं नसेल तर तेही आजच नोंदा. दोन्हीकडे खरोखर राहत असाल तर स्थानिक निवडणुकीसाठी दोन्हीकडे नाव ठेवता येतं. नुसतं घर नावावर आहे म्हणून मात्र नाही.

उभंही राहता येतं, पण त्याला अट वेगळी आहे: राष्ट्रकुलाच्या नागरिकाकडे कायमच्या वास्तव्याची परवानगी हवी. शिवाय पॅरिशच्या मतदारयादीत नाव हवं, किंवा मागचे बारा महिने तुम्ही पॅरिशमध्ये किंवा हद्दीपासून तीन मैलांच्या आत राहिलेले असायला हवं. पुढची सर्वसाधारण निवडणूक मे 2027 मध्ये आहे. पण त्याची वाट पाहायची गरज नाही. लहान पॅरिशमध्ये मधूनच जागा रिकामी होते. नोटीस लागते, चौदा कामाच्या दिवसांत दहा मतदारांनी पोटनिवडणूक मागितली नाही तर कौन्सिल स्वतःच एखाद्याला घेतं. आमच्याकडचे अर्ध्याहून अधिक सभासद असेच आलेत.

ओंकार_दे

कायमचा परवाना आम्हा दोघांकडेही आहे. बायकोने हे वाचलं आणि लगेच विचारलं की पॅरिशची पुढची बैठक कधी. तिला बसायला जायचंय. घर अजून नावावर झालेलं नाही, तरी चालेल का?

शुभदा_क्लार्क

चालेल! कौन्सिलची बैठक कोणालाही खुली असते, घर असो नसो. म्यूकर पॅरिशच्या क्लार्कना ईमेल करून तारीख विचारा आणि जाण्याआधी विषयपत्रिका वाचा.

वार्षिक पॅरिश मीटिंग मात्र वेगळी, ती चुकवू नका. 1 मार्च ते 1 जून यांच्या मध्ये होते आणि ती कौन्सिलची नसते, मतदारांची असते. यादीत नाव असलेल्या कोणालाही तिथे बोलता येतं आणि मतही देता येतं. संध्याकाळी सहाच्या आधी ती सुरू करता येत नाही, हे 1972 च्या कायद्यातच लिहिलंय. शेतावरून, कामावरून माणसं परत यावीत म्हणून असणार, मला तरी तसंच वाटतं. दारूचा परवाना असलेल्या जागीही ती भरवता येत नाही, परवडणारी दुसरी जागाच नसेल तरच. मधल्या काळात एखाद्या विषयावर मीटिंग हवी असेल तर सहा मतदार सह्या करून ती बोलावू शकतात. तुम्ही दोघं असाल, म्हणजे आणखी चौघं शोधायचे.

तुमच्या बायकोला सांगा, बैठकीत पहिल्यांदा बोलताना आधी घर कोणतं ते सांगायचं. वरच्या डेल्समध्ये माणसाला नावाआधी घरावरून ओळखतात. आणि गोठ्याचा अर्ज करणार असाल तर पार्ककडे पाठवण्याआधी तिथे येऊन बोला. पार्क तो अर्ज मतासाठी पॅरिशकडे पाठवतंच, साधारण 21 दिवस मिळतात. सभासदांनी आधी तुमच्या तोंडून ऐकलेलं असलं तर त्यांचं मत नीट विचार करून जातं. नकाशा मोठा छापून न्या, टेबलावर पसरता येईल असा. फोनवर दाखवलेलं कोणाला दिसत नाही.